वर्गातल्या कोर्टात खरा भंडारा

"आधी भंडारा उचल! उचल आधी, मग तोंड उघड!"

सरकारी वकील बाकावर चढून ओरडत होता. खाली उभा राहून कुजबुजला असता तरी निम्म्या मंगळवार पेठेला ऐकू गेलं असतं, असा त्याचा गळा. पण वकिलानं उंचावरून बोलायचं असतं, असं त्यानं कुठल्याशा हिंदी सिनेमात बघितलं होतं. साक्षीदार दोन बाकं जोडून केलेल्या पिंजऱ्यात उभा. पुढ्यात स्टीलची ताटली, ताटलीत पिवळाधमक भंडारा, वर बेलाचं पान. साक्षीदार ताटलीकडं बघतच नव्हता. तो दाराकडं बघत होता.

"सर, ह्ये नाटकच हाय न्हवं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"अर्थात!" मराठीचे सर खुशीत म्हणाले. "उचल की. जरा रंगत येऊ दे."

वर्गात सत्तर-ऐंशी पोरंपोरी होती, आणि त्या घटकेला एकाचंही बूड बाकावर हललं नाही. आमच्या वर्गाचा तो पंखा, जो चालू असला की बैलगाडी घाटातून उतरल्यासारखा आवाज करायचा, तोही थांबला. आता लाईट गेली असंल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी मात्र पंखा घाबरून थांबला असंच सगळ्यांना सांगत आलोय.

आता जरा मागं जाऊन सांगतो, नाहीतर तुमचा घोळ व्हायचा.

एसटीडी बूथबाहेर लोक रांग लावायचे, तो काळ. आमचं कॉलेज सकाळचं. बी.ए.चं पहिलं वर्ष. निम्मी पोरं दुपारपासून शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जाणारी, त्यामुळं वर्गात येऊन झोप पुरी करायची हाच त्यांचा खास विषय. उरलेली निम्मी माझ्यासारखी, तालमीत जोर काढून आणि वर तांब्याभर म्हशीचं दूध पिऊन येणारी. म्हणजे आम्हीही झोपायचोच, फक्त जास्त जोरात घोरायचो.

मराठीचे सर आजऱ्याचे. नवीन, तासावर नेमलेले, काडीसारखे. वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, सर उडतील म्हणून. पण त्या माणसाला कादंबरीचं येड होतं. आम्हाला लावलेली कादंबरी जुनी, चारशे पानांची, आमच्या बापांनाही हीच होती आणि त्यांनीही ती वाचली नव्हती. सरांनी मात्र ती इतक्या वेळा वाचली होती की पुस्तक मिटलेलं असतानाही त्यांचे डोळे ओळीवरून फिरल्यासारखे फिरायचे.

गोष्ट थोडक्यात अशी. नदीकाठचं गाव. बंधाऱ्याची दारं उघडायला-झाकायला एक राखणदार. बंधाऱ्याचं एक दार कुजलेलं. राखणदार पाटलाच्या वाड्यावर जाऊन सांगतो, दार बदला, पूर आला तर टिकणार नाही. पाटील म्हणतो, एवढं पीक निघू दे, मग बघू. हे बोलणं चालू असताना राखणदाराचा दोस्त तिथंच उभा असतो. पूर येतो, दार तुटतं, खालची वस्ती वाहून जाते. गाव जमतं. पाटील म्हणतो, राखणदार दारू पिऊन झोपला होता. राखणदार दोस्ताकडं बघतो. दोस्त म्हणतो, "मी काही ऐकलं नाही." एवढंच वाक्य. आणि राखणदाराला गावाबाहेर काढतात. कादंबरी संपली.

सर म्हणाले, "आपण हा खटला पुन्हा चालवू. वर्गात. वकील, न्यायाधीश, साक्षीदार, सगळे तुमच्यातले. अट एकच, पुस्तकात आहे त्याच्या बाहेर कुणी जायचं नाही. आणि जो पक्ष जिंकेल त्याला आमच्या आजऱ्याचे काजू."

काजू म्हटल्यावर झोपलेलीसुद्धा जागी झाली.

मला पट्टेवाला केलं. "हाजीर होऽऽ" म्हणायला दुसरा कोण होता? तालमीसमोर मी पहिली आरोळी मारून बघितली, तर रंकाळ्यावरचे बगळे उठले ते थेट पन्हाळ्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. न्यायाधीश म्हणून एक पोरगा निवडला, कारण तो मुळातच कमी बोलायचा आणि बसल्या जागी गंभीर दिसायचा. सरकारी वकील एका सरपंचाचा पोरगा. राखणदाराची वकील म्हणून सरांनी वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी घेतली. आणि दोस्ताची, म्हणजे साक्षीदाराची, चिठ्ठी काढली.

चिठ्ठी उघडली आणि मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, "आयला."

सरांना वाटलं, आनंदानं म्हणालं.

आता ह्या दोघांचं सांगतो, म्हणजे "आयला" का ते कळंल. ती पोरगी शिरोलीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, तिथल्या बौद्धवाड्यातली. तिचा बाप फौंड्रीत क्रेनखाली काम करायचा. वितळलेलं लोखंड भरलेली बादली, तिला ते लाडल म्हणतात, ती साखळीला अडकवायची आणि क्रेन उचलायची. आमचा साक्षीदार त्याच गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. त्या फौंड्रीत क्रेनची बटणं दाबायला होता, अजून टेंपरवारी. त्याला तिथं चिकटवलंही तिच्या बापानंच. तो त्यांना काका म्हणायचा, त्यांच्या डब्यातली भाकरी खायचा.

दिवाळीनंतर साखळी तुटली. लाडल कलंडली. एका कामगाराचे दोन्ही पाय भाजले. त्यावर मी काही मीठमसाला लावत नाही, तिथं माझीही जीभ चालत नाही. कंपनी म्हणाली, हिच्या बापानं हूक चुकीचा अडकवला. बाप म्हणाला, साखळीची कडी आधीच वेल्डिंग मारून जोडलेली होती, मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच सुपरवायझरला सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला, मला कुणी काय सांगितलं नाही. हे सांगितलं म्हणतात तेव्हा तिथं तिसरा माणूस एकच उभा होता. क्रेनची बटणं हातात घेऊन.

बापाला कामावरनं बंद ठेवलेलं. कंपनीची चौकशी लागायची होती. तिसरा माणूस काय बोलंल त्यावर त्याची नोकरी आणि नाव, दोन्ही लटकत होतं. तोपर्यंत तिसरा माणूस कुणाशीच काही बोलला नव्हता. बापाशीही नाही, पोरीशीही नाही. पोरगी पहिल्या बाकावर, हा शेवटच्या. दोघं एकाच एसटीनं यायचे, एक पुढच्या दारानं चढायचं, एक मागच्या.

हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सर आजऱ्याहून नवीन आलेले, त्यांना सोडून.

मग कुणी बोललं का? छ्या! कोल्हापुरात कुस्ती लागली की जोड सोडवायला कोण जातंय? लोक जागा धरतात.

शपथेचा प्रश्न आदल्या दिवशी निघाला. सरांच्या मनात होतं, साक्षीदारानं कादंबरीवर हात ठेवून शपथ घ्यावी. सरपंचाचा पोरगा उठला.

"सर, पुस्तकावर हात ठिवून काय बी बोलता येतंय. आम्ही परीक्षेत बोलतोय की!"

वर्ग हसला. "मग?" सरांनी विचारलं.

"भंडारा उचलायचा. गावाकडची गोष्ट हाय, तर गावाकडची शपत पायजे. मी आणतो. आमच्या घरात डबाभर असतोय कायम, इलेक्शनला लागतोय."

बाहेरच्यांना हे सांगायला लागंल. आमच्याकडं सोसायटीचं असो की पंचायतीचं, मतदानाच्या आधी आपल्या बाजूच्या मेंबरांना देवासमोर उभं करतात आणि बेलभंडारा उचलायला लावतात. देवाची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन बोललेला शब्द फिरवायचा नसतो. मग त्यांना जीपमध्ये घालून कुठंतरी थंड हवेला नेऊन ठेवतात, कारण देवावर विश्वास असला तरी जीपचं दार बाहेरनं लावलेलं बरं. एका मेंबरानं दोन्ही पार्ट्यांकडं भंडारा उचललेला. त्याची म्हैस त्या रात्रीपासनं पिवळं दूध द्यायला लागली. मी स्वतः बघितलं नाही, पण ज्यानं बघितलं त्याच्याबरोबर मी चहा प्यालोय.

सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, आजरा काही लांब नाही. पण त्यांना वाटलं, पोरगा स्वयंपाकघरातली चमचाभर हळद कागदात बांधून आणंल. नाटकातला दागिना जसा पितळेचा, तसा नाटकातला भंडारा. चुकले ते तिथं. दागिना पितळेचा चालतो. भंडारा खोटा कसा आणणार? फोडणीच्या हळदीला भंडारा म्हटलं तर देवाची चेष्टा झाली, ते करायची छाती कुणाची? सरपंचाचा पोरगा पहाटे अंघोळ करून, अनवाणी देवळात गेला, पुजाऱ्याकडनं भंडारा घेतला, बेल घेतला आणि एका हातात ते जपून धरून, दुसऱ्या हातानं सायकल चालवत कॉलेजात आला. कोर्ट खोटं, न्यायाधीश खोटा, मी खोटा. ताटलीत होतं तेवढं खरं.

तर आता परत पिंजऱ्यात चला.

सर "उचल" म्हणाले तेव्हा राखणदाराच्या वकिलीणबाई उठल्या. पांढरा पंजाबी ड्रेस, त्यावर बापाचा काळा कोट. कोट गुडघ्यापर्यंत येत होता. तो बापानं लग्नात घातलेला.

"न्यायाधीश महाराज, एक बोलायचं हाय."

न्यायाधीशानं डस्टर आपटला. खडूची धूळ उडाली, ती बराच वेळ खाली बसली नाही.

"माझ्या लेखी ही हळद हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात भंडारा नसतोय. तेव्हा ह्या शपथेला आमची बाजू बांधील न्हाय."

"हरकत मान्य करायची का?" सरांनी उत्साहानं विचारलं. "चांगला मुद्दा आहे!"

"थांबा सर." तिनं साक्षीदाराकडं बघितलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच, समोरासमोर. "साक्षीदाराच्या लेखी काय हाय ते त्यालाच इचारा. त्याच्या लेखी बी हळदच असंल तर ताटली बाजूला सारा आणि पुस्तकावर घ्या शपथ. मला चालतंय."

मागनं कोण तरी पुटपुटलं, "मेला गडी."

साक्षीदारानं ओठ चाटले. "हळद" म्हणाला असता तर सुटला असता. सत्तर पोरांसमोर, त्यात निम्मी त्याच्या आजूबाजूच्या गावची, देवाच्या भंडाऱ्याला हळद म्हणायचं आणि मग त्याच रस्त्यानं घरी जायचं. गावात पोचायच्या आधी बातमी पोचली असती. शिवाय आई घरात. तिनं पायरीवरच थांबवला असता.

"भंडाराच हाय," तो म्हणाला.

"मग उचल," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानं उचलला. मूठ मिटली. मूठ अशी मिटली की सांधे पांढरे पडले, बेलाचं पान बाहेर लोंबत राहिलं. सरपंचाचा पोरगा बाकावरून खाली उतरला. त्याचाही आवाज आता बाकाच्या उंचीएवढा राहिला नव्हता.

"बंधाऱ्याचं दार कुजलंय असं राखणदारानं पाटलाला सांगितलं, ते तू ऐकलंस का?"

पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ. "मी काही ऐकलं नाही." चार शब्द. सरांचे ओठसुद्धा ते चार शब्द बोलायला आधीच हलले होते. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, आणि मला वाटतं एकदम सगळ्यांच्याच पडला. सरांची अट होती पुस्तकाबाहेर जायचं नाही. पुस्तकातला दोस्त खोटं बोलतो. म्हणजे ह्याला आता भंडारा हातात धरून खोटं बोलायचं होतं.

साक्षीदाराच्या मुठीला घाम सुटला. हळद ओली झाली आणि मनगटावरनं पिवळा ओघळ कोपराकडं निघाला. तो ओघळ आम्ही सगळे बघत होतो. सरपंचाचा पोरगा एकदम वकिली सोडून म्हणाला, "मर्दा, टाक ती खाली. राहू दे. सर, बास करूया."

"का? अरे, आत्ताच कुठं रंगतंय!" सर म्हणाले.

"माझी उलटतपासणी राहिलीय," पोरगी म्हणाली.

ती पिंजऱ्याजवळ गेली. हातात पुस्तक नव्हतं. खालच्या आवाजात बोलली, पण त्या दिवशी मुंगी शिंकली असती तरी ऐकू आली असती.

"त्या दिवशी आधीच त्यांनी सांगितलं हुतं का न्हवतं?"

"सांगितलं हुतं."

"कुणाला?"

सगळा वर्ग "पाटलाला" म्हणायची वाट बघत होता. मी तर मनातल्या मनात देवाला हात जोडून म्हणत होतो, भावा, पाटलाला म्हण, पाटलाला म्हण.

"सुपरवायझरला," तो म्हणाला.

सरांनी पुस्तक उघडलं.

"काय सांगितलं?"

"साखळी बदला. कडीला वेल्डिंग मारलंय, वजन धरायची न्हाय."

"मग सुपरवायझर काय म्हणला?"

"आजचा दिवस चालवा म्हणला."

"तू कुठं हुतास?"

"तितंच. बटणं माझ्या हातात हुती."

सर भराभर पानं उलटत होते. "हे कुठं आहे? पान कितीवर आहे हे?" असं विचारत होते. न्यायाधीशाच्या हातातला डस्टर हवेतच राहिला होता. साक्षीदारानं मूठ उघडली नाही. तशीच मिटलेली घेऊन तो पिंजऱ्यातनं बाहेर पडला, बाकं सरकवून, आणि मुतारीजवळच्या नळावर जाऊन उभा राहिला. हात धुवत नव्हता. भंडारा नळाखाली सोडायचा नसतो. कुठं सोडावा ते त्याला कळत नव्हतं, म्हणून नुसता उभा होता.

पोरगी परत आपल्या बाकावर बसली. तिनं काळ्या कोटाची बाही दोनदा दुमडली आणि दोनदा उलगडली.

न्यायाधीशानं निकाल दिलाच नाही. आजऱ्याचे काजू सरांच्या पिशवीत तसेच राहिले. काजू समोर असताना कोल्हापूरच्या पोरांनी हात लावला नाही, ही एवढी एकच गोष्ट सांगितली की आमचा दोस्तगोतावळा आजही मला थापाड्या म्हणतो, आणि ह्या सगळ्या गोष्टीत तीच तेवढी शंभर नंबरी खरी आहे.

सरांना तास संपल्यावर मी सांगितलं. कोण कुणाचा बाप, कुठली साखळी. सर खुर्चीवर बसले. आधीच काडी, त्यात बसल्यावर खुर्चीच जास्त दिसत होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं न्हाईसा सर."

दुपारपर्यंत बातमी गावभर. आमच्याकडं बातमीला एसटी लागत नाही, ती दुधाच्या किटल्यांबरोबर जाते. संध्याकाळी शिरोलीच्या चहाच्या गाड्यांवर लोक म्हणत होते की त्यानं भंडारा उचलून मालकाचं नाव घेतलं. रात्री जेवताना आमच्या गल्लीत कळलं की भंडारा हातातच पेटला. मी काय तसं सांगितलं नव्हतं. मी फक्त धूर निघाला एवढंच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकासमोर एक पांढरी जीप लागली. त्यात पुढं बसलेला माणूस सफारीतला, पायात चकाकते बूट. मी फाटकात उभा, तर मला हाक मारली.

"काय पावणं, ते नाटकवालं कॉलेज ह्येच का?"

"नाटक न्हवतं, कोर्ट होतं," मी म्हणालो.

"व्हय व्हय. कोर्टच." तो हसला. त्याचे दात फार स्वच्छ होते. "नाटक चांगलं बसलंय म्हणत्यात. पोरगं बी आमच्याच फौंड्रीतलं हाय. जरा शाबासकी द्यावी म्हटलं."

साक्षीदार एसटीतनं उतरला. जीप बघून थबकला. पुढच्या दारानं पोरगी उतरली, तीही थबकली. सफारीवाल्यानं जीपचं मागचं दार आतनं उघडून धरलं. साक्षीदार गेला आणि बसला. जीप गेली. त्यानंतर तो कॉलेजात येईनासा झाला.

पण पोरगी खुशीत होती. हे मला कळेना. सरांनी तिला बोलावून माफी मागितली, तर ती म्हणाली, "सर, तुम्ही काय केलासा? चांगलंच झालं. आता त्यो फिरायचा न्हाय. भंडारा उचललाय त्यानं."

"पण तू तर हळद म्हणालीस," मी म्हणालो.

"माझ्यासाठी हळदच हाय. त्याच्यासाठी न्हाय, ते महत्त्वाचं." आणि वर म्हणाली, "बाबांनी आज दाढी केली. दिवाळीनंतर पहिल्यांदा."

चौकशी लागली त्या दिवशी सरांनी तास सोडला आणि माझ्या सायकलवर डबलसीट बसून शिरोलीला आले. मी कुणाला मागं बसवलंय हे मला पुलावर गेल्यावर आठवलं, एवढं त्यांचं वजन. फौंड्रीच्या गेटसमोर चहाची गाडी होती, पोरगी तिथं आधीच येऊन उभी. आत फक्त कामगार आणि त्याच्या बाजूनं बोलणारा एक कामगार जाऊ शकत होता. तिनं बापाचा काळा कोट इस्त्री करून आणला होता, पण बाप म्हणाला होता, कोट कशाला, मी काय नवरदेव हाय व्हय? म्हणून तो तिच्याच हातावर होता.

हवेत जळक्या वाळूचा वास. चिमणीतनं धूर सरळ वर न जाता शेडवरनं घसरत खाली यायचा, आमच्या कपांवर बारीक काळी भुकटी बसायची. आतनं मधूनच एक आवाज यायचा, लोखंडावर लोखंड पडल्यासारखा, आणि प्रत्येक वेळी पोरीची मान वळायची. सर तिला धीर द्यायला म्हणाले, "तुझ्या बापासारखा माणूस कादंबरीत असता तर शेवट वेगळा झाला असता."

"माझा बाप कादंबरीतला न्हाय सर," ती म्हणाली.

चहावाला फुकट बिस्किटं देत होता. तो फुकट काही देणारा माणूस नव्हता. तेव्हाच मला काहीतरी ओळखायला पाहिजे होतं.

गेटचं छोटं दार उघडलं आणि तिचा बाप बाहेर आला. हातात डबा, दुसऱ्या हातात एका पिशवीत कामाचे जुने बूट, एक टॉवेल, तंबाखूची डबी. म्हणजे आतलं कपाट रिकामं करून घेतलेलं. तो आमच्याकडं आला नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून, डबा रिकामा होता तरी त्याचं झाकण काढून बघितलं आणि परत लावलं. पोरगी त्याच्याकडं गेली. त्यानं तिच्या हातातला कोट घेतला, तिला दिला, परत घेतला.

मग साक्षीदार आला. त्याच्या मागं गेटमध्ये सफारीवाला उभा, दात दाखवत. साक्षीदाराच्या पायात नवे, कंपनीचे बूट. ते बूट फक्त पर्मनंट कामगाराला मिळायचे. अजून पायात बसले नव्हते, चालताना टाच वर निघत होती.

"काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"काय ऐकलं न्हाय म्हणून सांगितलं."

पुस्तकातलंच वाक्य, आमच्या बोलीत. मग माझा आवाज फुटला, तोच, रंकाळ्यावरच्या बगळ्यांना उठवणारा. गेटचा वॉचमन बाहेर आला, चहावाल्याच्या हातातली गाळणी खाली पडली. "अरे, तू भंडारा उचलला हुतास! सगळ्यांच्या म्होरं! देवाचा, खरा! तिच्या तोंडाकडं बघून बोलला हुतास तू!"

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. खाली वाकून बुटाची नाडी आवळली.

"तितं उचलाय लावला," तो म्हणाला. "हितं कुणी लावला न्हाय."